शहात्तर दिवसांची सरळ रेघ

धाकटीच्या घरी एक जुनी पद्धत होती. परीक्षा असो, वक्तृत्व असो, नाहीतर नोकरीची मुलाखत. ती घरी आली की ‘कसं झालं?’ असं कुणी विचारायचं नाही. चपला काढायच्या, पाणी प्यायचं आणि लगेच फेरप्रयोग करायचा. म्हणजे धाकटीने समोरच्या माणसाचं काम करायचं आणि बाबांनी धाकटीचं.

हे सुरू झालं ती चौथीत असताना. तोंडी परीक्षेत सतराचा पाढा अडला म्हणून ती रडत घरी आली. बाबा म्हणाले, “सांगू नकोस, करून दाखव. तू बाई हो, मी तू होतो.” आणि तो जाड मिशीचा माणूस स्टुलावर गुडघे जुळवून बसला, नाक ओढत सतरा साते एकशे सतरा म्हणाला. धाकटी हसून हसून जमिनीवर लोळली, आणि लोळता लोळता एकशे एकोणीस तिला पाठ झालं.

नियम एकच होता. जे झालं तेच करायचं, सुधारून नाही. बाबांनी काही वेगळं केलं तर धाकटीने तिथल्या तिथे ‘चूक’ म्हणून थांबवायचं. आई इस्त्री करता करता प्रेक्षक व्हायची आणि मधूनच म्हणायची, “या घरात सरळ बोलणारं एकही माणूस नाही.”

बाबांनी एकतीस वर्षं एका तेलक्षेत्रावर डिप घेतली. डिप म्हणजे काय, तर जमिनीतून आलेलं तेल ज्या टाकीत साठतं तिच्या चोवीस पायऱ्या रोज सकाळी चढायच्या, वरचं झाकण उघडायचं, पितळी वजन बांधलेली टेप आत सोडायची, आणि तेल कुठवर आलंय ते बघून वहीत लिहायचं. बस्स. “एकतीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला आणि रोज वेगळं उत्तर घेतलं,” असं ते म्हणायचे. बाकीचे लोक सेंटिमीटरवर भागवायचे. बाबा मिलिमीटर लिहायचे. म्हणून तिथे त्यांचं नावच पडलं होतं मिलिमीटर. निवृत्तीच्या दिवशी त्यांना जे घड्याळ मिळालं त्याच्या मागेही तेच कोरलं होतं, आणि आईला राग आला होता की लोकांना खरं नाव लिहायला काय झालं होतं.

धाकटी शिकून इंजिनियर झाली. जमिनीखाली तेल किती उरलंय याचे अंदाज काढण्याचं काम तिने आठ वर्षं केलं. मग तिच्या डोक्यात बँकेचं आलं. ही बँक म्हणजे पासबुकवाली नव्हे. तेलाच्या नि वायूच्या कंपन्या विकायच्या-घ्यायच्या असल्या की त्यांची किंमत ठरवून देणारी, सौदा जुळवून देणारी. आईने शेजारी सांगितलं, “धाकटी बँकेत लागतेय,” तर शेजारीण म्हणाली, “मग आमचं लॉकरचं तेवढं बघायला सांगा.”

दोन बँकांनी धाकटीला आधीच परत पाठवलं होतं. एकीने सांगितलं, तुमचं ज्ञान उत्तम आहे, पण तुम्ही फार इंजिनियरसारखं बोलता. दुसरीने तेवढंही सांगितलं नाही. वय तेहेतीस. ही तिसरी बँक, आणि तिला स्वतःलाच कळत होतं की चौथीकडे जायची हिंमत उरणार नाही. इथे आधी काम केलेली ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, “ते लोक मुलाखतीत स्वतःच्याच जुन्या सौद्यांतले आकडे देतात. नावं काढून टाकतात, एवढंच.” धाकटीने त्यांचे जुने सौदे शोधले. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक सौदा होता बाबांच्या तेलक्षेत्राचा.

“बाबा, तुमच्या वह्या आहेत का?”

“कुठल्या?”

“डिपच्या. तुम्ही स्वतःसाठी उतरवून ठेवायचात त्या.”

“आहेत की. तुझ्या आईने रद्दीत दिल्या नसल्या तर.”

“मी काही देत नाही,” आई आतून म्हणाली. “पलंगाखाली आहेत. एकतीस वर्षं मी त्यांच्यावर झोपतेय.”

मग महिनाभर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बँक भरायची. बाबा साहेब व्हायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, समोर धाकटीनेच लिहून दिलेली प्रश्नांची यादी.

“हं. बसा बाई. इतर कंपन्यांची किंमत काढताना आपण शेवटी एक मोठा आकडा घालतो, की बुवा हे असंच कायम चालू राहील. तेलाच्या विहिरीला तो का घालत नाही?”

“कारण विहीर हा संपत जाणारा साठा आहे, सर. उत्पादन दरवर्षी ठराविक प्रमाणात घटतं, आणि…”

“थांबा, थांबा. मला झोप आली.” बाबांनी यादी खाली ठेवली. “अगं, सरळ सांग ना. विहीर म्हणजे पगार नाही, डबा आहे. खाल्ला की संपला. उद्या पुन्हा भरून मिळत नाही.”

“असं बोलतात का मुलाखतीत?”

“बोलत नसतील म्हणून तर तू दोनदा परत आलीस.”

वह्यांतले आकडे धाकटीने लॅपटॉपवर चढवले, एका रविवारी सकाळी ग्राफ काढला आणि लॅपटॉप बाबांच्या पुढे केला. बाबा खूष झाले. आयुष्यभर जे उभं लिहिलं ते पहिल्यांदाच आडवं बघत होते.

“हे काय, इथे शून्य?”

“तुम्हीच सांगा.”

“अरे हो. पुराने रस्ता गेला होता. नऊ दिवस. कुणी पोचूच शकलं नाही.”

धाकटीचं बोट पुढे सरकलं आणि एका जागी थांबलं.

“आणि हे? सगळीकडे रेघ कशी थरथरतेय बघा. विहीर एक दिवस जास्त देते, एक दिवस कमी. आणि इथे अडीच महिने कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. मग एकदम खाली पडलीय.”

“वाळू आली होती विहिरीत. शेरा आहे बघ.”

“वाळू येणार म्हणून रेघ आधीपासून सरळ होत नाही, बाबा.”

“तू मुलाखत देतेयस की घेतेयस?”

“उत्तर द्या, साहेब.”

तिने ते गमतीत म्हटलं होतं. बाबा हसले नाहीत. आई भाजी आणायला गेली होती. त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं.

“घंटाकाका आठवतो तुला?”

आठवत होते, थोडेसे. बाबांचे जोडीदार. आवाज घंटेसारखा, म्हणून घंटाकाका. धाकटी सहा वर्षांची असताना ते कामावरच वारले, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

“एक दिवस तो वर, मी खाली. दुसऱ्या दिवशी उलट. वरच्याने आकडा ओरडायचा, खालच्याने लिहायचा. त्या दिवशी त्याचीच पाळी होती वर जायची. त्यात काही अदलाबदल नव्हती. झाकण उघडल्याचा आवाज आला. टेप सोडल्याचा सर्रकन् आवाज आला. मग आकडा यायला हवा. मी पेन टेकवून उभा. येईना. मला वाटलं, मस्करी करतोय. मी म्हटलं, अरे बोल की लेका, शाई वाळतेय.”

बाबांनी लॅपटॉप हाताने जरा बाजूला सारला.

“झाकणाखाली विषारी वायू कोंडलेला असतो. उघडताना वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, तोंड फिरवायचं. त्याला काय मला शिकवायचंय? त्यानेच मला शिकवलेलं.”

“मग?”

“मग मी चढलोच नाही. शहात्तर दिवस. मदतनीस द्यायलाही वरच्यांना तेवढाच वेळ लागला. रोज सकाळी जायचो आणि…” आणि बाबा खुर्चीतून उठले. सांगण्यापेक्षा करून दाखवणं त्यांना नेहमीच सोपं. त्यांनी उजवा पाय हवेत पहिल्या पायरीवर ठेवला. उजवा हात कठड्यावर. मान वर. बराच वेळ वर बघितलं. मग पाय अगदी अलगद, पायरीला कळू नये असा, खाली घेतला. इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. वही उघडून मोठ्या गांभीर्याने मिलिमीटर लिहिले.

धाकटीला हसू फुटलं. आवरायच्या आत फुटलं. तिने तोंडावर हात ठेवला, तर बाबाही हसायला लागले.

“बरं झालं हसलीस,” डोळे टिपत ते म्हणाले. “इतकी वर्षं वाटत होतं, ही गोष्ट रडायचीच आहे.”

“पण आकडे कुठून आणायचात?”

“वरून आकडा यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ खाली उभा राहायचो. मग लिहायचो. विहीर पाठ होती गं मला. कालच्यापेक्षा किंचित कमी, बस्स. जरा जास्तच चांगलं लिहिलं असेन. आजारी माणसाला आपण म्हणतो ना, आज बरा दिसतोस. तेल न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याची उणीपुरी मापं त्यातच खपून जायची. शेवटी एक नवा साहेब आला, म्हणाला, मी पुढे चढतो, तुम्ही टेप धरायला मागून या. त्याच्या बुटांच्या टाचा बघत बघत चढलो. त्या दिवशी खरा आकडा निघाला, तो बराच खाली. काय लिहू? लिहिलं, वाळू. मग विहीर साफ करणारी माणसं आली. त्यांना वाळू मिळाली नाही.”

“मग?”

“‘वाळू काढली’ असं लिहून गेली.”

दोघं पुन्हा हसली. जिन्यात आईच्या चपला वाजल्या तशी बाबांनी वही मिटली. “तिला वाळूच माहीत आहे,” एवढंच म्हणाले. कुणाला सांगू नकोस, असं काही म्हणाले नाहीत. धाकटीला पुढे कितीदा वाटलं की म्हणाले असते तर बरं झालं असतं. तशी शपथ घेतली असती तर तिने नक्की पाळली असती.

मुलाखतीची खोली अकराव्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या ग्लासांवर कागदी झाकणं, कोपऱ्यात काचेच्या पेटीत तेलाच्या विहिरीचं खेळण्याएवढं मॉडेल. समोर दोघं. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले मोठे साहेब, आणि हातातली पेन्सिल कधीच खाली न ठेवणाऱ्या एक मॅडम.

तो शेवटच्या मोठ्या आकड्याचा प्रश्न आलाच. धाकटी म्हणाली, “विहीर म्हणजे पगार नाही सर, डबा आहे. खाल्ला की संपला.” साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं. दोन बँकांत तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

मग मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, ‘क्षेत्र अ’. त्यावर एक ग्राफ. नऊ दिवस शून्य. पुराने रस्ता गेला होता तेव्हाचे. आणि पुढे ती रेघ.

“यावरून विहिरीचं पुढचं भविष्य काढा,” मॅडम म्हणाल्या.

“हे अडीच महिने बाजूला ठेवून काढावं लागेल.”

पेन्सिल थांबली. “का?”

“हे आकडे मोजलेले वाटत नाहीत. खरी विहीर थरथरते. ही रेघ फार शहाण्यासारखी वागतेय.”

साहेब मॅडमकडे वळून हसले. “ऐका. आपल्या लोकांना वाटलं होतं, विहीर सगळ्यात निरोगी होती ती याच काळात. पुढची पंधरा वर्षं आपण या रेघेवरून काढली.” मग धाकटीकडे वळून म्हणाले, “पण शेऱ्यात तर वाळू लिहिलंय?”

इथे थांबता आलं असतं. उत्तर पूर्ण झालं होतं. ‘ते मला सांगता येणार नाही’ एवढं म्हटलं असतं तरी नोकरी तिचीच होती, हे तिला पुढे स्वच्छ दिसलं. पण त्या क्षणी खोली तिच्या बाजूने झुकली होती. समोरच्याला हसू येण्याच्या बेतात असलं की तो बेत पुरा करून सोडायचा, ही सवय तिला चौथीपासूनची. आणि पाठीशी दोन बँकांचे नकार होते.

“वाळूबिळू काही नाही, सर. डिप घेणारा माणूस पायऱ्यांना घाबरला होता.”

“काय सांगता?”

आणि धाकटी उठली. खुर्ची मागे सारली. उजवा पाय हवेतल्या पायरीवर, उजवा हात कठड्यावर, मान वर. पाय अलगद खाली. इकडेतिकडे नजर. घसा खाकरून, वही उघडून, मिलिमीटर. बाबांची एकूण एक लकब तिने उचलली होती. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली ती तोंडावर हात धरायला. साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. घंटाकाकांचं तिने काही सांगितलं नाही. ते आले असते तर हसू आलं नसतं.

“कोण हा महापुरुष?” साहेबांनी विचारलं.

“आहेत एक,” धाकटी म्हणाली. “ओळखीतले.”

साहेब तिला दारापर्यंत सोडायला आले. “सोमवारी कागद येतील तुमच्याकडे. आणि तो पायऱ्यांचा किस्सा आमच्या वरच्या साहेबांना एकदा करून दाखवायचा हं.”

लिफ्टच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो अजून हसत होता. चौथ्या मजल्यापर्यंत हसत होता.

घरी बाबा तयारच होते. शर्ट खोचलेला, तिची जुनी ऑफिसबॅग खांद्याला लावलेली. आईने इस्त्री गरम करायला ठेवली होती.

“बाबा, आज नको. दमलेय मी.”

“दमलीस तर बसून साहेब हो. मला तर उभं राहायचं नाहीच आहे.” ते खुर्चीत गुडघे जुळवून बसले, बॅग मांडीवर, आणि नसलेली बट कानामागे सारली. आई हसली. “अगदी हीच.”

धाकटी साहेब झाली. बसवेना म्हणून उभीच राहिली. डब्याचा प्रश्न झाला, उत्तर झालं, बाबांचा चेहरा फुलला. “बोललीस ना? सांगत नव्हतो मी?” मग त्यांनी आवाज खाली आणून, बॅगेशी चाळा करत विचारलं, “ग्राफ दिला का गं?”

खोटं बोलायची ती पहिली संधी होती. “दिला.”

“आपलाच?”

“आपलाच.”

“मग विचारा ना, सर.”

“पुढचं भविष्य काढा,” धाकटी म्हणाली.

बाबांनी हवेतला कागद जवळ ओढला. तिच्यासारखंच डोकं तिरकं केलं. “हे अडीच महिने बाजूला ठेवावे लागतील, सर.”

“शेऱ्यात वाळू लिहिलंय.” तिचा आवाज बारीक निघाला.

“लिहिलं असेल, सर. लिहिणारा माणूस तिथे होता, मी नव्हते.”

इथे तिने ‘चूक’ म्हणायला हवं होतं. नियमच तो होता. ‘चूक’ नाही, तर निदान साहेबांसारखं हसायला हवं होतं, चष्मा पुसायला हवा होता. तिला यातलं काहीच जमेना. आईची इस्त्री कॉलरवरून फिरत राहिली. बाबा खालून वर, तिच्या तोंडाकडे बघत थांबले होते. बराच वेळ थांबले. मग त्यांनी मांडीवरची बॅग उचलून टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, “बरं. आकडा यायला एवढा वेळ लागत नाही.”

“बाबा…”

“हसले का ते?”

ती म्हणाली, “हो.”

“खूप?”

“साहेबांना चष्मा पुसावा लागला.”

“म्हणजे चांगलं केलं असणार तू.” बाबांनी गुडघे मोकळे केले. “घंट्याला घेतलंस का त्यात?”

तिने मान हलवली. नाही.

“बरं केलंस.”

“कसली घंटा नि कसलं काय,” आई इस्त्री उभी करत म्हणाली. “नोकरी मिळाली का ते सांगा की आधी.”

“मिळाली,” बाबा म्हणाले. “पेढा म्हणून साखर तरी आण.” आणि ते आतल्या खोलीत शर्ट बदलायला गेले. इस्त्रीचा होता, चुरगळू नये म्हणून.

त्याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवसानंतर त्या घरात फेरप्रयोग झाला नाही. कुणी तसं ठरवलं नाही. बढतीच्या मुलाखतीहून ती घरी आली तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली घेतलं आणि चार घरांत विचारतात तसं विचारलं, “कसं झालं?” ती म्हणाली, “बरं झालं.” पलंगाखालच्या वह्या पुढे कधीतरी रद्दीत गेल्या. आई म्हणते, मी नाही दिल्या.

ऑफिसात वरच्या साहेबांसमोर तो किस्सा तिने एकदा करून दाखवला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पाय दुखतोय म्हणाली. मग चष्मेवाले साहेबच करून दाखवायला लागले. नवीन लोक आले, जेवण झालं, गप्पा रंगल्या, की कुणीतरी म्हणतं, साहेब, ते पायऱ्यांचं होऊन जाऊ दे. साहेब उठतात. धाकटी पाण्याचा ग्लास हातात धरून बघत राहते. साहेब डावा पाय उचलतात. बाबा उजवा उचलायचे, आणि उजवाच हात कठड्यावर असायचा. ‘चूक’ हा शब्द अगदी तिच्या ओठांवर येतो, आणि लोक हसायला लागतात.